खारे पाणी ओसरते. मीठ मागे राहते!

वसई-विरारच्या पुराची आठवण निघाली की बोलणे होते ते बुडालेल्या रुळांचे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ लोहमार्ग पाण्याखाली गेला, गाड्या थांबल्या, मिठागरांत माणसे अडकली. शहराचे हाल सर्वांनी पाहिले. परंतु उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी असलेल्या या तालुक्यात अद्याप भातशेती आहे. खारबांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले की पीक त्या वर्षी जाते. जमीन मात्र पुढेही नासलेली राहते. पिकाचा पंचनामा होतो. जमिनीत मुरलेल्या मिठाचे काय?

ते मोजणे अशक्य नाही. विद्युतचुंबकीय यंत्राचे एक वेटोळे जमिनीत क्षीण प्रवाह उत्पन्न करते आणि दुसरे त्याचा चुंबकीय पडसाद टिपते. क्षार जितके अधिक, तितका पडसाद मोठा. यंत्र हाती धरून बांधाबांधाने चालावे आणि न खणता सुमारे दीड मीटर खोलीपर्यंतचा अंदाज घ्यावा, इतके हे सुलभ आहे. अर्थात ओल आणि चिकणमाती यांनीही आकडा फुगतो. म्हणून साचलेले पाणी ओसरल्यावरच मोजणी करावी आणि मोजके नमुने प्रयोगशाळेत तपासून यंत्राचा आकडा पारखून घ्यावा. माती संपृक्त करून काढलेल्या अर्काची वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन खारवट गणतात. भाताला तर ३ च्या पुढेच झळ लागते.

२०१५ च्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत जिरायती क्षेत्रासाठी १० हेक्टरांमागे एक नमुना ठरविण्यात आला. खाजणाला हे माप अपुरे आहे. फुटलेल्या बांधालगतचे खाचर आणि चार बांध पलीकडचे खाचर यांची प्रकृती एक नसते. शिवाय पावसाळ्यात मीठ धुऊन जाते आणि उन्हाळ्यात ते पुन्हा वर चढते. तेव्हा मोजणी वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात, व्हावयास हवी. खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने दिली आहेत. पण ती कोणत्या खाचरात लावावीत, हे मोजल्यावाचून कसे कळणार?

हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा नाही. न मोजलेल्या जमिनीला नापीक म्हणणे सोपे असते, आणि नापीक म्हटलेल्या जमिनीवर या भागात इमारत उभी राहण्यास किती अवधी लागतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुराचे पाणी पोटात घेणारी जागाही हीच खाचरे. ती गेली तर तेच पाणी नागरिकांच्या उंबरठ्याशी येईल. शासनाने मिठाची मोजणी पंचनाम्याचा भाग करावी, आणि ती येत्या हंगामाआधी करावी!