रुग्णालयाजवळची पार्किंग: जागा आहे, पण कुलपात

आंधळगाव, मोहाडी परिसरात कुणाला पक्षाघाताचा झटका आला की नातेवाईक आधी भंडारा गाठतात. पुढे पाठवण्याची वेळ आली तर नागपूर आणखी सुमारे ६० किलोमीटर. महामार्गावर वेळ फारसा जात नाही. तो जातो शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर. धंतोली, रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची दाटी आहे, पण तिथले रस्ते मुळात निवासी वस्तीचे. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहिल्या की रुग्णवाहिकेला वाट उरत नाही. धंतोलीच्या रहिवाशांनी हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला.

या मिनिटांची किंमत मोठी आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. दूरच्या गावातून येणाऱ्यांचा यातला बराच वेळ प्रवासातच संपलेला असतो.

मग जागा खरोखरच नाही का? दिवसाला एक तास चालणारी गाडी उरलेले २३ तास उभीच असते. तिला रात्री घराजवळ जागा लागते आणि दिवसा कामाच्या ठिकाणी. एक जागा भरलेली असते तेव्हा दुसरी रिकामी असते. खासगी डॉक्टरांची ओपीडी आणि रुग्णांना भेटण्याची वेळ बहुधा संध्याकाळची. राज्य शासनाची कार्यालये २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी सव्वासहाला बंद होतात. शाळा आणि बँकांची आवारेही त्या सुमारास मोकळी होतात. म्हणजे रुग्णालयांना जागा हवी असते, नेमक्या त्याच वेळी शेजारच्या फाटकांना कुलूप असते.

ते उघडत नाही, कारण आर्थिक गणित जुळत नाही. आवार खुले ठेवायचे तर रखवालदार, दिवे, नुकसानीची जबाबदारी असा खर्च येतो. रस्त्यावर गाडी फुकट उभी करता येत असेल तर आत पैसे कोण देईल? अमेरिकी अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मधल्या आपल्या ग्रंथात हेच मांडले: फुकट पार्किंगची किंमत शेवटी सगळा समाज मोजतो. म्हणून रस्त्यावरची बंदी किंवा शुल्क आणि आवारातली भाड्याची सोय या दोन्ही गोष्टी एकदमच व्हायला हव्यात.

गृहनिर्माण संस्थांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मोकळी आणि स्टिल्टखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद प्रकरणात स्पष्ट केले. अशी सामाईक जागा बाहेरच्यांना तासावर द्यायची तर निर्णय सभासदांनी सर्वसाधारण सभेतच घ्यायला हवा. सुरक्षेची त्यांची भीती अनाठायी नाही. त्यामुळे सुरुवात कार्यालये आणि शाळांपासून करणे सोपे.

दोन धोके मात्र आहेत. जागा वाढली आणि रस्ता तसाच फुकट राहिला, तर गाड्याच वाढतील आणि धूरही. दुसरे, शुल्काचा भार गरिबावर पडता कामा नये. आंधळगावचा विणकर किंवा शेतमजूर आधीच भाड्याची गाडी करून आलेला असतो. रुग्णाला उतरवण्यापुरता थांबा विनाशुल्कच असावा, आणि दाखल रुग्णाच्या एका वाहनाचे शुल्क रुग्णालयाने उचलावे. गर्दी त्याच्याच व्यवसायामुळे होते.

आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण मालक निघून गेलेली, कडेला उभी असलेली गाडी वाट देणार कशी? तिला उभे राहायला दुसरी जागा आधीच दाखवावी लागेल. ती जागा धंतोलीत बहुधा शेजारच्याच फाटकाआड आहे. महापालिका, वाहतूक पोलीस आणि रुग्णालये यांनी एकत्र बसून संध्याकाळी सहा ते नऊ ती उघडून घेतली, तरी सुरुवात होईल.