डोंगराचा संकल्प आणि घरचा रविवार

पावसाळा ओसरला की विरार, नालासोपारा, वसई या स्थानकांवर रविवारी पहाटे एक वेगळीच गर्दी दिसू लागते. आठवडाभर याच फलाटांवर चर्चगेटच्या गाडीत शिरण्यासाठी धडपडणारी माणसे त्या दिवशी पाठीला पिशव्या लावून उलट्या दिशेला, सफाळे-पालघरच्या बाजूला निघालेली असतात. कोणाला तांदुळवाडीचा गड चढायचा असतो, कोणाला महामार्गाने पुढे जाऊन अशेरी नाही तर कोहोज गाठायचा असतो. यांतील पुष्कळांच्या मनाशी एक आकडा बांधलेला असतो. कोणाचे पन्नास गड पुरे व्हायचे असतात, कोणाचे शंभर. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. संकल्प करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे आणखी एक यादी आली आहे.

असे संकल्प करावेत की करू नयेत, हा वादाचा विषय नाही. ज्याच्या पायांत बळ आहे त्याने चालावे आणि ज्याला शिखर दिसते त्याने ते चढावे, यात कोणाचे काही बिघडत नाही. विचार करण्याजोगा प्रश्न दुसराच आहे. सहा दिवसांच्या धावपळीनंतर उगवणारा तो एक रविवार नेमका कोणाचा? डोंगराचा, की घरात वाट पाहणाऱ्या माणसांचा?

नोकरदाराची भूक

चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटरांवर आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या कारकुनाचे दररोजचे तीन-साडेतीन तास जाण्यायेण्यात खर्ची पडतात, आणि त्यातला मोठा भाग उभ्याने. त्याचा दिवस गाडीच्या वेळापत्रकाने सुरू होतो आणि वेळापत्रकानेच संपतो. कचेरीत वर्षभर केलेल्या कामाचे माप दुसराच कोणी ठरवतो. शिक्षकाची स्थिती याहून निराळी नाही. त्याच्या श्रमाचे फळ दिसायला कधी वीस वर्षे लागतात, कधी ते दिसतच नाही. डोंगराचा व्यवहार मात्र रोखीचा आहे. पायथा डोळ्यांसमोर असतो, माथाही असतो, आणि मधले अंतर स्वतःच्या पायांनीच तोडावे लागते. तेथे वशिला चालत नाही आणि बढतीची यादीही लागत नाही. इतरांच्या हुकमाने आयुष्य कंठणाऱ्या माणसाला स्वतः ठरवलेली एक गोष्ट स्वतः पुरी करावीशी वाटली, तर त्या भुकेला हौस म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

शिवाय संकल्प करून चालणे ही आपल्याकडची काही नवी गोष्ट नव्हे. नवरात्रात जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या बाया, महाशिवरात्रीला तुंगारेश्वराची वाट धरणारे गावकरी, आषाढीला पंढरीकडे निघणारे वारकरी हे सारे संकल्पानेच चालतात. वसईची मोहीम काढणाऱ्या चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर तेथे देऊळ उभे राहिले, हे या तालुक्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या जुन्या संकल्पांत आणि आजच्या संकल्पांत एक फरक मात्र आहे. नवस एकाने बोलावा आणि फेडायला सारे घर जावे, ही आपली रीत. जीवदानीच्या पायरीवर सून सासूचा हात धरून चढते आणि नातू दोघींच्या पुढे पळत असतो. आजचा गडकरी संकल्प एकट्याने करतो, एकट्याने फेडतो. आणि त्याची किंमत मात्र कित्येकदा घरातली बाकीची माणसे मोजतात.

एका यादीची गोष्ट

याद्या करून डोंगर चढण्याचा छंद जगात इतरत्रही आहे. सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांहून उंच शिखरांची यादी १८९१ साली प्रसिद्ध केली. आज त्या यादीत २८२ शिखरे धरली जातात आणि ती सारी चढून जाणे हे तेथील हजारो माणसांचे आयुष्यभराचे उद्दिष्ट असते. यादी करणाऱ्या मन्रोंना स्वतःला ती पुरी करता आली नाही; १९१९ साली ते निवर्तले तेव्हा काही शिखरे उरलीच होती. यादी प्रथम पुरी करण्याचा मान रॉबर्टसन नावाच्या एका पाद्र्याकडे, १९०१ साली, गेला असे मानतात. त्यांच्या अखेरच्या शिखरावर त्यांची पत्नी आणि एक मित्र सोबत होते. माथ्यावर पोहोचताच रॉबर्टसनसाहेबांनी आधी तेथल्या दगडांच्या राशीचे चुंबन घेतले आणि मग पत्नीचे, असे सांगतात.

ही आख्यायिका हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण तिच्यात या विषयाचे सारे मर्म आले आहे. वर्षानुवर्षे शिखरांमागे धावलेल्या त्या माणसालाही शेवटचा आनंद एकट्याने भोगवला नाही. पत्नी तेथे हवीच होती. आणि तरीही त्या क्षणी पहिला मान दगडालाच मिळाला! डोंगराच्या नादी लागलेल्या प्रत्येक माणसाच्या घरात हा क्रमाचा प्रश्न या ना त्या रूपाने उभा असतो.

महाराष्ट्रात याहून वेगळा आदर्श आहे. गो. नी. दांडेकर तारुण्यात रानोमाळ एकटे हिंडले, गडकोटांच्या वेडाने आयुष्यभर झपाटले गेले. पण किती गड झाले या हिशेबासाठी त्यांचे नाव कोणी घेत नाही. राजगडावर ते पुनःपुन्हा जात राहिले. ज्या गडाची वाट पायाखालची झाली आहे त्याच गडावर निराळ्या ऋतूत, निराळ्या सोबत्यांबरोबर पुन्हा जावे आणि दर वेळी त्याचे नवे रूप पाहावे, ही त्यांची रीत होती. ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे पुस्तक त्यातूनच उभे राहिले. त्यांच्या कन्या वीणा देव यांनाही वडिलांचे बोट धरूनच गडांची ओळख झाली. एकट्याचे वेड घरात मुरले की त्याचा संस्कार होतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

खर्च कोणाच्या खात्यावर?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. नवरा दर रविवारी पहाटे चारला घराबाहेर पडतो, तेव्हा त्याचा डबा भरायला कोणीतरी तीनला उठलेले असते. ती स्त्री स्वतःही नोकरी करणारी असेल तर तिच्याही वाट्याला तीच गाडी, तीच गर्दी आणि तोच एक रविवार येतो. म्हाताऱ्या सासऱ्याचे औषध, मुलाचा अभ्यास, आठवड्याची धुणी हे सारे त्या दिवशी तिच्या एकटीच्या अंगावर पडते. संध्याकाळी नवरा चिखलाचे बूट दारात काढतो आणि पंचेचाळिसावा गड झाल्याचे सांगतो. तो आकडा त्याच्या एकट्याच्या श्रमाचा नसतो, एवढे भान त्याला असले तरी पुष्कळ झाले. आणि तिच्याही मनात एखादे शिखर असेल, ही शक्यता तर बहुतेक घरांत विचारातच घेतली जात नाही. पत्नीला महिन्यातून एक दिवस मैत्रिणींबरोबर किंवा एकटीला डोंगराकडे जाऊ द्यावे आणि त्या दिवशी स्वयंपाकघर आपण सांभाळावे, हे ज्याला जमते त्यालाच आपल्या संकल्पाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. घरच्या मंडळींना घेऊन गेले की ती सहल होते. चढाईची लय बिघडते, पाण्याच्या बाटल्या निम्म्या वाटेत संपतात आणि मूल पहिल्याच टेपाडावर कडेवर बसायला मागते. एकट्याने चालताना मनाला जी शांतता लाभते तिला दुसरा पर्याय नाही, हेही खरेच. म्हणून घरच्यांसाठी एकांत सोडून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. जो माणूस स्वतःपाशी कधीच नसतो तो इतरांपाशी असून नसल्यासारखाच असतो. एकट्याची वाट आणि घराची वाट या दोन निराळ्या वाटा आहेत, हे एकदा मान्य केले की दोन्हींना आपापली जागा देता येते.

एकट्याच्या वाटेलाही मात्र शिस्त हवी. तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरांचे रान २००३ पासून अभयारण्य आहे. तेथे वनखात्याचे नियम आहेत आणि ते पाळण्यासाठीच आहेत. जुलै २०१८ मध्ये चिंचोटीच्या धबधब्यावर एकाएकी पाणी वाढून शंभराहून अधिक माणसे अडकली आणि त्यांच्या सुटकेसाठी इतरांना जीव धोक्यात घालावा लागला. एकाचा प्राणही गेला. कोणत्या वाटेने चढणार, केव्हा परतणार हे घरी सांगून जाणे, पायथ्याच्या पाड्यावर विचारपूस करणे, शक्य तर तेथलाच वाटाड्या घेणे आणि त्याचे मोल खळखळ न करता चुकते करणे, या गोष्टी भित्र्या माणसाच्या नव्हेत. एकटा निघालेला माणूसही खऱ्या अर्थाने एकटा नसतोच. त्याच्या परतीच्या वेळेकडे घरात कोणाचे तरी डोळे लागलेले असतात.

दहा गडांचे वर्तुळ

या दृष्टीने वसई-विरारकर मोठे भाग्यवान आहेत. यादीच हवी असेल तर ती करण्यासाठी त्यांना दूर जावे लागत नाही. वसई, अर्नाळा, जीवधन, भवानगड, तांदुळवाडी, काळदुर्ग, टकमक, कामणदुर्ग, कोहोज आणि अशेरी असे दहा किल्ले एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. वसईच्या तटातून गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही हिंडता येते. अर्नाळ्याला होडीतून जायचे, म्हणून मुले आनंदाने येतात. तांदुळवाडीच्या माथ्यावरून सूर्या आणि वैतरणा यांचा संगम दिसतो. भूगोलाच्या शिक्षकाला वर्गाबाहेरचा याहून चांगला धडा मिळणार नाही. कोहोजच्या माथ्यावर वाऱ्याने कोरलेला मनुष्याकृती सुळका आहे. अशेरीवर पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगड आहे, आणि जहाजांच्या लाकडासाठी त्यांना या रानाचे किती महत्त्व होते याची आठवण तो करून देतो. दोन हजार फुटांहून उंच असलेला कामणदुर्ग आणि साकवारच्या बाजूने चढायचा टकमक मात्र दमाचे आहेत. ते सवयीच्या पायांनी, जाणत्या सोबत्यासह चढावेत.

अशा दहा गडांची वाटणी घरात बसून करावी. काही आईवडिलांबरोबर, काही मुलांबरोबर, काही मित्रांबरोबर आणि दोन-तीन स्वतःसाठी राखून. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे. अनेक शाळा मात्र शनिवारी सकाळी भरतात. मुले शाळेत असताना मिळणारा महिन्यातला एखादा शनिवार कारकुनाने खुशाल डोंगराला द्यावा आणि रविवार घराला. शिक्षकाला ही सवलत नाही. त्याच्यासाठी दिवाळीची आणि नाताळची सुटी आहे, आणि तो काळ या डोंगरांवर हिंडायला उत्तम असतो. विद्यार्थ्यांपाशी वेळ भरपूर असतो, पैसा नसतो. लोकलचे आणि एसटीचे तिकीट काढून गाठता येतील असे हे डोंगर त्यांच्यासाठीच जणू घातलेले आहेत.

घरच्यांबरोबर चालताना एकच नियम पाळावा लागतो. सर्वांत मागे जो चालतो, त्याच्या चालीने सर्वांनी चालायचे. त्याने माथ्याखाली शंभर फुटांवर बसकण मारली, तर तेथेच डबे उघडायचे आणि हसतमुखाने परतायचे. आकड्यांच्या हिशेबात तो गड झाला नाही असे ठरेल. पण डोंगर जागचा हलत नाही. काळदुर्गाचा कातळ पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. वडिलांचे गुडघे आणि मुलीचे बालपण यांची मात्र तशी हमी कोणी देऊ शकत नाही. तिला चौदावे वर्ष लागले की ती मैत्रिणींबरोबर जाईल, आणि वडील एका हिवाळ्यात सहज म्हणून जातील की आता तुम्हीच जाऊन या.

हा काळाचा हिशेब ज्याला कळला, त्याला आपल्या यादीतले कोणते गड आधी घ्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. एकट्याने चढायचे गड थोडे थांबू शकतात. सोबतीने चढायचे गड आधी उरकलेले बरे.