वेबसाईट कशावर बनवायची? आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा!



ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, वेबसाईट वर्डप्रेसवर बनवू, शॉपिफायवर की विक्सवर?" मी उलट विचारतो, "उद्या तिथून निघायचं ठरलं, तर सोबत काय काय नेता येईल?" बहुतेक जण गप्प होतात. माझं मत स्पष्ट आहे. प्लॅटफॉर्म निवडताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. हे मी पैसे घालवून शिकलोय.

माझं भांड्यांचं दुकान आहे. २०१८ मध्ये ओळखीतल्या एका मुलाकडून पहिली वेबसाईट करून घेतली, १८,००० रुपये दिले. साईट छान झाली. कॅरीबॅग, व्हिजिटिंग कार्ड, दुकानाची पाटी, सगळीकडे वेबसाईटचं नाव छापलं. तीन वर्षांनी एका गिऱ्हाईकाचा फोन आला, "दादा, तुमची साईट उघडत नाही." बघतो तर डोमेनची मुदत संपलेली. डोमेन त्या मुलाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. रिन्यूअलच्या सूचना त्यालाच जात होत्या. त्याने तो धंदा सोडून नोकरी धरली होती, नंबरही बदललेला.

मुदत संपल्यावर काही दिवस डोमेन सोडवून घेता येतं, पण ज्याचं खातं त्यालाच. मी नुसता बघत बसलो. पुढे ते नाव मोकळं झालं आणि भलत्याच कोणीतरी घेतलं. माझ्या माळ्यावर ४,००० कॅरीबॅग पडून! बीबीएला तीन वर्षं मार्केटिंग शिकलो, पण हे कोणी शिकवलं नव्हतं. चूक माझीच. मी ना बिल मागितलं, ना पासवर्ड.

आता दुकानदाराच्या भाषेत सांगतो. डोमेन म्हणजे तुमची पाटी, प्लॅटफॉर्म म्हणजे गाळा. गाळा भाड्याचा असला तरी चालतो, पाटी मात्र आपलीच हवी. गाळा बदलला तर पाटी काढून नव्या जागी लावता येते आणि गिऱ्हाईक पाटी बघून येतं.

एक उदाहरण बघा. गुगल बिझनेस प्रोफाइलवरून पूर्वी एका पानाची वेबसाईट फुकट करता यायची. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सोय बंद केली. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांना तेच नाव दुसऱ्या साईटला जोडता आलं. ज्यांनी गुगलने दिलेला पत्ता कार्डावर छापला होता, त्यांचा पत्ताच गेला.

आता गाळे बघू.

शॉपिफाय : हा भाड्याचा, पण सजवलेला गाळा. प्रॉडक्ट टाका, पेमेंट जोडा, विक्री सुरू. दर महिन्याचं भाडं मात्र चुकत नाही. भाडं थांबलं की शटर खाली. निघताना प्रॉडक्टची आणि ग्राहकांची यादी फाईलमध्ये घेता येते, सजावट तिथेच राहते. रोज ऑर्डर पॅक करून कुरिअर करणाऱ्यांना हे भाडं परवडतं. महिन्याला चार ऑर्डर असतील तर घाई करू नका.

विक्स : माउसने उचला आणि ठेवा, इतकं सोपं. क्लास, पार्लर, फोटोग्राफर यांचं काम भागतं. पण तयार साईट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. हे पैसे भरायच्या आधी माहीत असू द्या.

वर्डप्रेस : सॉफ्टवेअर फुकट, त्यावर दुकान मांडायला वूकॉमर्सही फुकट. पण कढई फुकट मिळाली म्हणून जेवण फुकट होत नाही. होस्टिंगचा खर्च आपला, अपडेट आणि बॅकअपची जबाबदारीही आपली. त्या बदल्यात अख्खी साईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते. एक गोंधळ टाळा. वर्डप्रेस डॉट कॉम ही होस्टिंगसकट मिळणारी सेवा आहे, तर सॉफ्टवेअर उतरवून स्वतःच्या होस्टिंगवर टाकायचं ते वर्डप्रेस डॉट ऑर्ग वरून.

आणि खरं सांगू? घरून मसाले किंवा लोणची विकायला नुकतीच सुरुवात केली असेल, गिऱ्हाईक गावातलंच असेल, तर आज यातलं काहीच नको. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावा, गुगलवर दुकानाची नोंद करा. दोन्ही फुकट आहे. फक्त डोमेन आजच घेऊन ठेवा. वेबसाईट सहा महिन्यांनी केली तरी चालेल, नाव दुसऱ्याने घेतलं तर ते पुन्हा मिळेलच असं नाही.

"सर, मला टेक्निकल काही जमत नाही," असं बरेच जण म्हणतात. जमायला नको! काम बाहेर द्या, मीही देतो. पण गाळ्याचं भाडेपत्र आपण सुताराच्या नावावर करतो का? मग डोमेनचं खातं डेव्हलपरच्या नावावर कशाला?

काम देताना एवढं सांभाळा :

१. डोमेन आणि होस्टिंगचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर. पैसे तुम्ही भरा, बिल तुमच्या नावाचं घ्या.
२. डेव्हलपरला साईटवर वेगळं लॉगिन द्या. काम झालं की ते काढता येतं.
३. पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका. दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा दर विचारा.
४. मुदतीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा. लाईटबिलासारखी.

ज्यांची वेबसाईट आधीच आहे, त्यांनी आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढंच तपासा : डोमेनच्या खात्यात तुम्हाला स्वतःला लॉगिन करता येतं का? येत नसेल, तर उद्या सकाळी पहिला फोन डेव्हलपरला. संबंध चांगले आहेत तोवरच खातं आपल्या नावावर करून घ्या. माझ्यासारखं नंबर बंद होईपर्यंत थांबू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढू द्या!