आधी आपण कातकरी शिकू या

रसायनी-मोहोपाडा पट्ट्यात भाषा शिकण्यामागे पोटाचा हिशेब असतो. कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून मुलंमुली इंग्रजी संभाषणाचे वर्ग लावतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी हिंदीच्या प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ अशा परीक्षा आहेत. चांगले गुण पडले तर रोख बक्षीसही मिळतं. पण याच खालापूर-कर्जत तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवरची भाषा शिकण्यासाठी कुणी बक्षीस ठेवलेलं नाही. आपल्या संघटनांमध्येही हा विषय क्वचितच निघतो.

"कातकरी बायकांना मराठी येतंच की," असं लगेच म्हटलं जातं. येतं, बाजारापुरतं आणि दवाखान्यापुरतं. पण नवऱ्याची मारहाण किंवा भट्टीमालकाचा त्रास सांगायची वेळ आली की बाई आपल्या भाषेत बोलू लागते. मग मध्ये कुणीतरी बसतो. मुकादम, दीर, नाहीतर वाडीतला चार बुकं शिकलेला पुरुष. तिची दहा वाक्यं तो एका वाक्यात सांगतो आणि तेच वाक्य तक्रारीत उतरतं. ज्याच्याबद्दल तक्रार, कधी कधी तोच दुभाषा!

वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. दोन्ही तिच्या बाजूचे. पण उचल किती घेतली, किती फिटली, भट्टी सोडून जाऊ दिलं का, मारहाण कधीपासून, हे तिच्या तोंडून नीट आलं नाही तर कायदा कागदावरच राहतो.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांत आदिवासींच्या दोनच, संथाळी आणि बोडो. कातकरीला शाळेत जागा नाही, कचेरीत नाही. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला समुदाय संघटनाचे सिद्धांत शिकवले गेले, पण एकाही आदिवासी बोलीचा एक ताससुद्धा नव्हता.

जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. तेव्हापासून संध्याकाळचा वर्ग म्हणजे शिकलेल्यांनी शिकवायचं, हीच आपली रीत. मैत्रिणींनो, काही वर्ग उलटे चालवू या. वाडीवरची बाई शिक्षिका आणि आपण विद्यार्थिनी.

हे अवघड नाही. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्ग पावसाळ्यातच हवा, चूल आवरल्यावर, आठवड्यातून दोन दिवस. पुस्तक नको, बोलणंच हवं. कातकरी मराठीच्या जवळची असल्यामुळे 'कळलं' असं चटकन वाटतं, तिथेच सावध राहायला हवं. आपण चुकलो की बाया हसतील. हसू देत. एरवी त्यांच्या मराठीला हसणारे पुष्कळ भेटतात.

शिकवणाऱ्या बाईला मात्र मानधन द्यायलाच हवं, निदान दिवसाच्या मजुरीइतकं. 'सहभाग' म्हणून तिच्याकडून फुकट काम करून घेणं आपल्याला शोभणार नाही. येत्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडताना प्रत्येक गटाने ही रक्कम त्यात धरावी.