यकृताचा कोठावळा

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "यजमानांनी जन्मात कधी दारूला स्पर्श केला नाही, एकादशी कधी मोडली नाही, तरी सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघाले. हे पाप कोठून आले?" पापाचा येथे काही संबंध नाही, हे प्रथमच सांगतो. प्रश्न मात्र मोलाचा आहे, आणि त्याच्या उत्तराचा धागा त्या एकादशीतच आहे.

यकृत ही आपल्या शरीराची कोठी. जेवणानंतर आलेली साखर तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. तो साठा भरला की उरलेल्या साखरेचा मेद होतो. उपवासात क्रम उलटतो. अंगावरच्या चरबीतून मेदाम्ले सुटतात, रक्तावाटे यकृतात येतात आणि तेथे जाळली जातात. आज साठवावयाचे की जाळावयाचे, हे ठरवितो कोण? इन्शुलिन व ग्लुकागॉन ही संप्रेरके बाहेरून हुकूम देतात, हे खरे. परंतु प्रत्येक यकृतपेशीच्या केंद्रकात स्वतःचा असा एक कोठावळाही बसलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला केंद्रकीय ग्राही म्हणतात. हे एक प्रथिन असते. विशिष्ट पदार्थ त्याच्या खोबणीत येऊन बसला की ते डीएनएवरील ठरावीक जनुकांना जागे करते. माणसात असे 48 ग्राही आहेत.

यांतल्या एकाचा शोध मोठा गमतीचा आहे. क्लोफायब्रेट नावाचे औषध रक्तातील मेद उतरविते, हे 1960 नंतरच्या दशकात ठाऊक झाले होते. तेच उंदरांना दिले की त्यांची यकृते फुगत आणि पेशींतील पेरॉक्सिसोम नावाच्या बारीक पिशव्या बेसुमार वाढत. का, ते कोणास उमगेना. 1990 साली इंग्लंडमध्ये इसाबेल इसेमान व स्टीफन ग्रीन यांनी या औषधाला प्रतिसाद देणारा ग्राही शोधून काढला. पेरॉक्सिसोमांवरून त्याला लांबलचक इंग्रजी नाव मिळाले. आपण पीपीएआर-अल्फा एवढे लघुरूप ध्यानात ठेवू. माणसाच्या यकृतात त्या पिशव्या तशा वाढत नाहीत, पण नाव पडले ते पडलेच!

पुढे कळले की या ग्राहीला जागे करणारा निसर्गातला पदार्थ म्हणजे खुद्द मेदाम्लेच. कोठीत आलेला मालच कोठावळ्याला उठवितो, असे म्हणा ना! जागा झाला की तो आरएक्सआर नावाच्या जोडीदारासह डीएनएवर बसतो आणि मेद जाळणारी विकरे तयार करवितो. त्या ज्वलनातून निघालेल्या कीटोनांवर उपाशी माणसाच्या मेंदूची बरीचशी गुजराण होते.

हा कोठावळाच नसेल तर? ज्यांच्यात हे जनुक निकामी केले होते असे उंदीर संशोधकांनी उपाशी ठेवले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत भरल्या पोटी ते उंदीर धडधाकट दिसत. उपवास सुरू होताच मात्र त्यांची रक्तशर्करा घसरली, अंग गार पडले, कीटोने वाढेनात, आणि यकृत मेदाने भरून गेले. कोठीत इंधन तुडुंब, चूल मात्र थंड! मला हा प्रयोग फार बोलका वाटतो. यकृतात मेद साचतो तो केवळ जास्त आल्यामुळे नव्हे, न जळल्यामुळेही साचतो.

उलट कामाचाही एक ग्राही आहे, एलएक्सआर. कोलेस्टेरॉल वाढले की ते उपसण्याची व्यवस्था तो करतो, पण त्याचबरोबर मेद बनविणारी जनुकेही चेतवितो. त्याला चेतविणारी औषधे दिलेल्या उंदरांची यकृते मेदाने भरली, आणि एका चांगल्या कल्पनेवर पाणी पडले.

औषधांचे थोडक्यात सांगतो. फेनोफायब्रेट रक्तातील मेद उतरविते. यकृतातला त्याने फारसा हटत नाही. शेजारच्या अहमदाबादेत घडलेले सारोग्लिटाझार पीपीएआरच्या अल्फा व गॅमा या दोन्ही प्रकारांवर चालते. मधुमेहींच्या रक्तातील मेदासाठी त्यास भारतात 2013 साली, तर यकृताच्या मेदयुक्त दाहासाठी 2020 साली मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये मान्य झालेले रेस्मेटिरोम थायरॉइड संप्रेरकाच्या केंद्रकीय ग्राहीवर काम करते. यांतले कोणतेही दुकानातून आपल्या मनाने आणावयाचे नाही.

आता एकादशीकडे वळू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री बटाट्याचा कीस असा बेत असला की इन्शुलिन चढते, चरबीतून मेदाम्ले सुटावयाची थांबतात आणि यकृतात नवा मेद बनू लागतो. पंचांगात उपवास असतो, यकृतात सण! कोठावळ्याला जाग यावी कशी? एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

तेव्हा भगिनीस उत्तर असे, की दारूवाचूनही हा विकार होतो. पोटाचा घेर, मधुमेह, गोड व पिठूळ खाणे आणि बैठे जीवन ही त्याची नेहमीची वाट. वजन शेकडा 5 ने उतरले तरी यकृतातील मेद कमी होतो. 7 ते 10 ने उतरले तर दाहही ओसरू लागतो. यजमानांची रक्तशर्करा व रक्तातील मेद तपासून घ्यावेत आणि यकृत कितपत कठीण झाले आहे, हेही डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर निर्जळी उपवास त्यांच्या सल्ल्यावाचून करू नये. अशा उपवासात साखर एकाएकी उतरू शकते.