हेल्पडेस्कला दिसते, सीएला का नाही?

टॅक्स ऑडिटचा हंगाम सरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. थ्री-सीडी फॉर्म आपल्या लॉगिनमधून वेळेत चढवला. पण अशील आपल्या लॉगिनमधून तो स्वीकारेपर्यंत सगळे अधांतरी. अशील इचलकरंजीत, सीए पुण्यात. ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्समध्ये वर्कलिस्ट दिसतंय का?’ ‘साहेब, इथं नुसतं गोल फिरतंय.’

त्याच्या पासवर्डने आपणही आत शिरावे, तर ‘ड्युअल लॉगिन’ म्हणून ई-फायलिंग पोर्टल एकाला बाहेर काढते. उरतो रिमोट अ‍ॅक्सेस. एक बटण दाखवण्यासाठी अशिलाचा अख्खा संगणक ताब्यात घ्यायचा. डीएससी टोकन लावलेले, बँकेचे पान उघडे. एनीडेस्क या रिमोट अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. बँक सांगते, असले अ‍ॅप घेऊ नका. आपण सांगतो, घ्या आणि कोड कळवा. उद्या ‘सीए बोलतोय’ म्हणून एखाद्या भामट्याने फोन केला, तर अशिलाने ओळखायचे कसे?

यावर उपाय आहे, आणि तो आयकर खात्याच्या घरातच आहे. ३१ जुलै २०२४ पर्यंत ई-फायलिंग हेल्पडेस्कने सुमारे १०.६४ लाख शंका हाताळल्याचे सीबीडीटीने जाहीर केले, तेव्हा मदतीच्या मार्गांत को-ब्राउझिंगही मोजले होते. म्हणजे करदात्याचे पान हेल्पडेस्कच्या अनोळखी माणसाला दिसू शकते. अहवालावर सही करून जबाबदारी घेणाऱ्या सीएला नाही! ओळख पटत नाही, ही सबबही चालणार नाही. ‘माय चार्टर्ड अकाउंटंट’मध्ये अशील आपली नेमणूक करतो आणि आपण ती स्वीकारतो, तेव्हा हे नाते पोर्टलनेच नोंदवलेले असते. त्याच नोंदीवर सामायिक पान उघडू द्या. पासवर्ड, ओटीपीच्या चौकटी झाकलेल्या. सल्लागाराने जागा दाखवायची, बटण अशिलानेच दाबायचे आणि हवे तेव्हा जोडणी तोडायची. खात्याला आणखी काय हवे?

आता थोडे आपल्याविषयी. अशिलांच्या पासवर्डांची वही टेबलावर उघडी ठेवणारे आणि त्यांच्या संगणकावर कायमचा रिमोट प्रवेश चालू ठेवणारे सभासद आजही आहेत. त्यांच्यामुळे आपली मागणी लंगडी पडते. तो प्रवेश आजच बंद करा. ओटीपी मागू नका. आणि आपल्या संस्थेच्या शाखांनो, मुदतवाढीची निवेदने दरवर्षी धाडता. यंदा त्यात ही एक मागणी पहिल्या क्रमांकावर घाला. मुदत वाढली तरी ‘गोल फिरतंय’ थांबत नाही.