उद्दिष्टे सतरा, तरतूद किती?
संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदत २०३० पर्यंत आहे. विद्यापीठांनी ती धोरणात आणायची म्हणजे काय? आज बहुतेक ठिकाणी वृक्षारोपणाचे छायाचित्र, छतावरील सौर पॅनेल आणि ‘नॅक’च्या सातव्या निकषाखाली एक अहवाल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीला सक्तीचा झालेला पर्यावरण विषयही आयत्या प्रकल्पांच्या झेरॉक्सवर निभावला गेलाच की! आठवे उद्दिष्ट सन्मानजनक रोजगाराचे आहे. ते छायाचित्रात येत नाही. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे मानधन महिनोनमहिने थकवून ते भिंतीवर रंगवले, तर त्याला धोरण कसे म्हणावे? अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीत सदस्यांनी विचारावे : कोणत्या उद्दिष्टासाठी किती तरतूद, आणि गेल्या वर्षीच्या तरतुदीपैकी खर्च किती झाला?